दुखवट्याचं सत्र

मे महिना संपत आला होता. रविवारची जेवणं उरकली, आणि सुओंगच्या आईनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पुढची पानं अंगठ्यानं फर्रकन उलटली. तांदळाच्या पोत्याबरोबर दुकानात फुकट मिळते ती, रोज एक पान फाडायची. एका पानाशी अंगठा थांबला.

"थोरले, जुलैतला दुसरा गुरुवार. तुझ्या त्या मंडळाच्या पोरांना आत्ताच सांगून ठेव, त्या दिवशी काही ठेवू नका म्हणावं."

सुओंग कलिंगड कापत होती. "का? गुरुवारी काय आहे?"

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, की कलिंगडसुद्धा ओशाळावं. "काय आहे? बापाची तिथी आहे तुझ्या. दुसरं वर्ष. दुखवटा सोडायचा दिवस."

"ती ऑगस्टात आहे, मा."

"ऑगस्टात कशी असेल? सहाव्या महिन्याचा सोळावा."

"तेच म्हणते मी. सहाव्याचा सोळावा यंदा ऑगस्टात येतो. हे बघ." तिनं ओले हात जीन्सला पुसले आणि फोन पुढं केला.

धाकटे काका टेबलाशी दात कोरत बसले होते. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अगं बाई, हा अधिक सहावा! यंदा सहावा महिना दोनदा आहे. आधी खरा, त्याच्या मागून अधिक. तिथी खऱ्यातच करायची असते. अधिकात कोण येतं जेवायला?" त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला. "विचार त्याला, तुझा बाप कोण म्हणून. तेही सांगेल तो."

सुओंग हसली नाही. मंडळांचं शिबिर जुलैच्या त्याच आठवड्यात होतं. बुधवार ते शनिवार. आणि ती तारीख दुसऱ्या कुणी नाही, तिनंच भांडून घेतली होती.

ते भांडण असं. अमेरिकेत ह्यूस्टनपासून मोबीलपर्यंत आखाताच्या काठाकाठानं नऊ कॉलेजांत व्हिएतनामी पोरांची नऊ मंडळं, आणि त्या नवांचं मिळून एक महामंडळ. सुओंग त्याची यंदाची अध्यक्ष. उन्हाळ्यात दर वर्षी नव्या पदाधिकाऱ्यांचं शिबिर भरतं. सभा कशी चालवावी, भांडण कसं मिटवावं, सणाचा मोठा कार्यक्रम दीडशे पोरांकडून कसा करून घ्यावा, असलं सगळं तिथं शिकवतात. नवी पोरं जुन्यांना दादा, ताई म्हणायला लागतात आणि ते नातं मग कॉलेज सुटलं तरी सुटत नाही. ह्यूस्टनवाल्यांना शिबिर ऑगस्टात हवं होतं. सुओंगनं हिवाळ्यातच सांगून टाकलं, "ऑगस्टात मला जमणार नाही. माझ्या बाबांचा दुखवटा सोडायचाय." यावर कोण काय बोलणार? ह्यूस्टनची वियेन, जिच्याशी सुओंगचं वर्षभर जमलं नव्हतं, तीसुद्धा म्हणाली, "बाबांसाठी ना? मग ठीक. जुलै तर जुलै."

आता त्याच वियेनला फोन करून सांगायचं, की बाबांची तिथी जुलैतच आहे, मला मोजताच आली नाही?

त्यात यंदा शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारीच दुपारी, ह्यूस्टनच्या तिन्ही मंडळांचा ठराव येणार होता. महामंडळातून बाहेर पडायचा. त्यांची पोरं जास्त, कामाचा भारही त्यांच्यावर जास्त, आणि मत मात्र मंडळामागं एकच. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. पण ते गेले की काठावरच्या लहान गावांत काय उरणार? सुओंगच्या कॉलेजच्या मंडळात अकरा जण, त्यातले चार तिचे चुलतभाऊ. असल्या मंडळाला कोण मंडळ म्हणेल?

आणि सुओंगला या महामंडळाचं जे वाटायचं, ते शिबिरातल्या भाषणांमुळं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाबा कोळंबीच्या बोटीवर, जाळं ओढता ओढता छाती धरून खाली बसले आणि उठले नाहीत. काकांनी बोट किनाऱ्याला आणेपर्यंत रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपासून बिलॉक्सीच्या त्यांच्या गल्लीत गाड्या यायला लागल्या. मोबीलच्या, लाफायेतच्या, बॅटन रूजच्या. त्यातून पोरं उतरायची, आईला वाकून नमस्कार करायची आणि न विचारता मोरीत जाऊन भांडी घासायला घ्यायची. शवपेटीला खांदा द्यायला आठ जण लागतात; घरचे तिघे होते, पाच महामंडळाचे. माला त्यांची नावं कधी पाठ झाली नाहीत. ती म्हणायची 'लाफायेतचा उंच', 'मोबीलची चष्मेवाली'. वियेनही आली होती, बर्फाच्या चार पेट्या घेऊन, सहा तास गाडी हाणत. तेव्हा त्यांची नीट ओळखही नव्हती.

हे असं होतं, म्हणून सुओंगला गुरुवारी दोन्हीकडं असायला हवं होतं.

"आधीच्या रविवारी केलं तर?" तिनं माला विचारलं. "लोक करतात की. आधी चालतं, नंतर चालत नाही, तूच म्हणतेस."

"साधी तिथी चालते आधी. दुखवटा सोडायचा आधी? मुदत भरायच्या आत?" मा परात पुसत होती. "कामावरून पाच मिनिटं लवकर निघालेलं आवडतं का कुणाला?"

"मग गुरुवारी सकाळी मी येते, करू आणि दुपारी परत जाते."

"पाहुणे अकराला येतात. अगरबत्ती, मग जेवणं, मग बसणं. आणि कापड जाळायचं ते सगळ्यात शेवटी. सगळे गेल्यावर. घरच्या माणसांनी." माने परात पालथी घातली. "तू पळतापळता जाळणार का? सिगारेट पेटवल्यासारखं?"

कापड म्हणजे काळ्या कापडाचा बोटभर तुकडा, टाचणीनं छातीशी लावलेला. मा ज्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जाई तिथं रबरी एप्रनच्या आत, देवळात जाताना जाकिटावर, झोपायच्या गाउनवरसुद्धा तो असायचा. सुओंगचा सुरुवातीला सदऱ्यावर होता, मग पाठपिशवीवर गेला, मग पिशवीच्या आतल्या कप्प्यात. घरी येताना ती वळणावर गाडी थांबवून तो परत छातीला लावायची. माला हे ठाऊक नव्हतं, असं सुओंगला वाटायचं.

तोडगा खांगनं काढला. खांग उपाध्यक्ष, वय एकोणीस, मन लोण्याचं, डोळे नळाचे. फोनवर सगळं ऐकून तो ओरडलाच, "ताई! काकूंनाच शिबिरात बोलवू या! तिथी तिथंच करू. सगळी पोरं असतील. तुझ्या बाबांना खांदा दिलेली निम्मी तर तिथंच आहेत!"

"वेडा आहेस का? शिबिरात तिथी?"

"का नाही? आपण शिकवतोच ना परंपरा परंपरा म्हणून? नुसते फळ्यावर शब्द लिहून. ही तर खरीखुरी!"

त्यातला 'खरीखुरी' हा शब्द सुओंगला जरा टोचला. पण टोचलेलं सगळंच काही माणूस उपटून टाकत नाही. तिनं दोन दिवस कळ काढली आणि मग माला विचारलं. काका तिथंच होते, ते आधी बोलले.

"भावाला रानात जेवायला बोलवतेस? तो काय स्काऊटात होता? मी नाही येणार. वहिनी, तुम्हीही जाऊ नका."

माने एवढंच विचारलं, "किती माणसं?"

"एकशेवीस."

"मोठी पातेली आहेत का तिथं? का मी देवळातून मागून आणू?"

काका उठून बाहेर गेले. जाळीचं दार आपटलं.

"मा, तुला नको असेल तर–"

"त्या पोरांनी त्याला उचललं होतं," मा म्हणाली. "त्यांना एकदा जेवू घालायचंच होतं मला. कापडाचं काय ते तिथं बघू."

मग तिला एकच काळजी उरली. गेल्या वर्षी ज्या घरी पान वाढलं होतं ते घर सोडून आपला नवरा नवी जागा शोधणार कशी? जिवंतपणी तो समुद्रात शंभर मैल आत जाऊन नेमका धक्क्याला परत लागायचा, पण जमिनीवर त्याला रस्ते कधी कळले नाहीत. त्या गुरुवारी पहाटे तिनं घरच्या देव्हाऱ्यापुढं अगरबत्ती लावली आणि त्याला नीट समजावून सांगितलं. हे सुओंगला तिनंच नंतर फोनवर सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं: "सांगितलं त्याला, एकोणपन्नास नंबरचा हायवे धर, उत्तरेला. पाण्याची टाकी दिसली की उजवीकडं. मग झाडंच झाडं. पोरांचा गोंगाट ऐकू आला की उतर."

शिबिर पाइनच्या रानात एका तळ्याकाठी होतं. गुरुवारी सकाळी सुओंगनं भिंतीवर चिकटवलेला दिवसाचा कार्यक्रम वाचला. तिसरं सत्र, सभा कशी चालवावी. त्याखाली खांगच्या गोल गोल अक्षरात: 'चौथं सत्र: परंपरा आणि नेतृत्व. ताईच्या बाबांची तिथी, कापड जाळण्याचा विधी, मनोगतं.' त्याखाली जेवण. त्याखाली ह्यूस्टनचा ठराव.

कापड ठरावाच्या आधी. पाहुणे जाण्याच्या आधी. जेवणाच्याही आधी.

तिच्या हातात पेन होतं. रेघ ओढायला कितीसा वेळ लागतो? पण शेजारी वियेन येऊन उभी राहिली. वियेन दिसायला लहानखुरी, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. आज तो आवाज खाली होता.

"तू सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली. "मला खांगकडून कळलं. ऑगस्ट नव्हताच म्हणे."

"चुकले मोजायला."

"आमच्याकडं आजीच्या वेळी हेच झालं होतं. माझ्या मामानं अधिकात केलं. आजी त्याच्या स्वप्नात येऊन शिव्या घालून गेली म्हणे." वियेन कागदाकडं बघत राहिली. "ठरावाचं मात्र मी मागं घेणार नाही हं. तुझ्या बाबांचं वेगळं, हे वेगळं."

"माहीत आहे."

"नाही, मला सांगायचं होतं तोंडावर."

ती गेली. सुओंगनं पेन खिशात टाकलं. रेघ ओढली नाही.

मा अकराच्या सुमारास आली, गडद निळ्या लांब अंगरख्यात, केस चापून बांधलेले. उतरते न उतरते तोच पोरांनी तिच्या हातातली पातेली काढून घेतली. "काकू, द्या इकडं!" "काकू, आम्ही आहोत ना!" लाफायेतचा उंच आता आणखी उंच झाला होता. मोबीलच्या चष्मेवालीनं चष्मा सोडला होता म्हणून माने तिला ओळखलं नाही; ओळख पटल्यावर तिच्या दंडावर चापट मारून म्हणाली, "डोळे विकलेस का काय?" मा खुशीत होती. सुओंगनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, उगाच घाबरले मी.

आत विस्तव लावायला बंदी, म्हणून तळ्याकाठच्या छपराखाली मांडलं. लाकडी बाकावर पांढरं कापड, त्यावर बाबांचा फोटो. अननस घातलेली माशाची आंबट आमटी, नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस आणि अंडी, उकडलेली अख्खी कोंबडी, भाताची वाटी, तिच्यावर जेवायच्या काड्यांची जोडी. एक बिअरचा डबा, उघडलेला. सिगारेटचं पाकीट, त्यातली एक जरा वर ओढून ठेवलेली, घ्यायला सोपी पडावी म्हणून. छपरापुढं शेकोटीसाठी दगडांचं कडं होतं. आदल्या संध्याकाळी पोरांनी त्यात मार्शमॅलोचे गोड गोळे भाजले होते. दगडांना त्याची काळी साखर चिकटलेली होती.

माने अगरबत्त्या लावल्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली. मग सुओंग. मग पोरं दोन-दोन, चार-चार करून आली. कुणाला किती वेळा वाकायचं ठाऊक नव्हतं, कुणी दोनदा वाकलं, कुणी पाचदा. वियेन आली, तिनं बूट काढले, पाइनच्या सुयांवर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावून तीनदा नमस्कार केला. उठताना माने तिच्या कोपराला हात दिला आणि तिच्या कपाळावरची एक सुई झाडून टाकली.

इथंच थांबलं असतं तर! पण सत्र म्हटलं की ते चालवायला कुणीतरी हवं. खांगनं माइक घेतला.

"मित्रांनो, आज आपण काहीतरी फार मोठं बघतोय," तो म्हणाला. "गोल करा. प्रत्येकानं डोळे मिटून एका शब्दात सांगा, आत्ता मनात काय आहे."

"घर."

"मुळं."

"माझी आजी."

"ते दोन शब्द झाले, चालेल."

प्रत्येक शब्दाला पोरं बोटांनी टिचक्या वाजवत होती. मा सुओंगच्या कानाशी कुजबुजली, "हे काय करतात? कुत्रं बोलावतात?"

"टाळ्यांच्याऐवजी असतं ते, मा."

"मग टाळ्या वाजवायला काय होतं?"

शब्द फिरत फिरत आले, आणि खांगनं फार आदरानं, दोन्ही हातांनी माइक मापुढं धरला. "काकू, तुम्ही? एकच शब्द."

माचं लक्ष बाकाकडं होतं. दोन पोरं कोंबडीच्या फारच जवळ सरकली होती, आणि अगरबत्ती अर्धीसुद्धा जळली नव्हती. अगरबत्ती संपेपर्यंत तो जेवणार, त्याच्या आत कुणी हात लावला तर?

"थांबा," मा म्हणाली.

"थांबा!" खांगचे डोळे भरले. "मित्रांनो, किती खोल शब्द. आपण सगळे धावतोय, आणि काकू म्हणतात, थांबा."

टिचक्यांचा पाऊस पडला. ती दोन पोरं मात्र मागं सरली, म्हणून माचं समाधान झालं.

मग खांगनं घड्याळ पाहिलं. कुणीतरी कड्यात चार काटक्या पेटवल्या. "आता," खांग म्हणाला, "काकू आणि ताई दुखवट्याचं कापड अग्नीला देतील. ज्यांना आठवण ठेवायची असेल त्यांनी फोटो घ्यायला हरकत नाही."

एकशेवीस माणसं उठली आणि कड्याभोवती दाटली. पुढच्यांनी बसून घेतलं, मागच्यांना दिसावं म्हणून. एका वेळी सगळे फोन वर झाले. माचा हात छातीशी गेला, टाचणीवर थांबला. तिनं एकदा त्या गर्दीकडं पाहिलं, एकदा फोटोकडं. मग मान न वळवता, फक्त सुओंगला ऐकू जाईल असं म्हणाली, "थोरले, आत्ता?"

सुओंगला एक वाक्य बोलायचं होतं. पोरांनो, फोन खाली ठेवा आणि जरा तळ्याकडं जाऊन या. बस, एवढंच. कुणाला राग आला नसता. ही चांगली पोरं होती, सांगितलं असतं तर मान खाली घालून गेली असती. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पण तेवढ्यात तिला समोर वियेन दिसली. दोन्ही तळवे तोंडावर धरून वियेन रडत होती, खांदे हलत होते, आणि तिच्या दोन बाजूंना ह्यूस्टनच्या बाकी दोन मंडळांचे अध्यक्ष तिला धरून उभे होते. सुओंगच्या डोक्यात, अगदी लख्ख, नको असताना, हिशेब झाला. तीन. हे तिघं राहतील. आत्ता नको मोडायला.

"हो, मा," ती म्हणाली.

आणि माला सोपं जावं म्हणून तिनंच आधी आपली टाचणी काढली. सकाळीच लावलेली. बोटभर कापड, कड्यात टाकलं, कडा वर वळल्या, आणि संपलं. दोन वर्षांचं काहीतरी जळायला जरा जास्त वेळ लागावा, नाही का? तिनं माकडं पाहिलं.

माने टाचणी उघडली नव्हती. तिनं ती घट्ट लागली आहे ना हे अंगठ्यानं चाचपलं, वर तळहातानं हलकेच थोपटलं, आणि बाकाकडं वळली. "अगरबत्ती झाली," ती मोठ्यानं म्हणाली. "चला, जेवा सगळे."

पोरांनी टिचक्या विसरून खऱ्या टाळ्या वाजवल्या. एकाच्याही ध्यानात आलं नाही. खांगच्यासुद्धा नाही.

दुपारी सभा भरली तेव्हा वियेन उठली आणि तिचा लाउडस्पीकर बसलेला होता. "ठराव आम्ही मांडत नाही," ती म्हणाली. "मी सकाळी म्हटलं होतं, हे वेगळं आणि ते वेगळं. नाहीये वेगळं. दोन वर्षांपूर्वी मी बर्फ घेऊन गेले तेव्हा कुणी मला ह्यूस्टनची म्हटलं नव्हतं. मतांचं आपण पुढच्या वर्षभरात बसून काहीतरी करू. पण बाहेर नाही जात." पुढचं कुणी ऐकलंच नाही. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, खांग दोघांच्या गळ्यात एकाच वेळी पडला. वियेननं सुओंगला मिठी मारली. "तुझ्या आईनं कापड टाकलं ना, तेव्हा माझ्याच्यानं राहवेना," ती तिच्या खांद्यात म्हणाली.

सुओंगनं तिची चूक सुधारली नाही. तिची पाठ थोपटली. वर्षभर ती या क्षणासाठी झोपली नव्हती, आणि आता तो आला होता तर हातात धरवत नव्हता.

मा मागच्या नळाशी पातेली घासत होती. दोन पोरी मदतीला होत्या, त्यांना सुओंगनं आत पाठवलं.

"झालं तुमचं?" मा म्हणाली.

"झालं. ह्यूस्टनवाले राहिले."

"बरं झालं. चांगली पोर आहे ती. दोनदा भात घेतला." तिनं घासणी पिळली. "हे धर. कड धर नीट, निसटेल."

"मा, तू कापड–"

"धर म्हटलं ना."

सुओंगनं धरलं. राखेचं काळं पाणी दोघींच्या मनगटांवरून ओघळलं.

"रोज सकाळी लावते मी ते," मा म्हणाली. "काढताना माझं काय होईल ते मलाच ठाऊक नाही. हात थरथरतील. नाक गळेल. कदाचित काहीच होणार नाही, ते तर आणखी वाईट. ते काय माइकवर करायचं?"

"मग सांगायचंस मला."

"मी विचारलं की तुला." माने पातेलं पालथं घातलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आत्ता का, म्हणून विचारलं. तू हो म्हणालीस."

चूक झाली म्हणावं, तर महिना मोजायला चुकली ती चूक. ही चूक नव्हती.

"मग आता कधी सोडणार तू?"

"मला काय माहीत? मुदत भरली, कापड अंगावर. असं कुणाचं झालेलं मी ऐकलं नाही." मा हात झटकत उभी राहिली. "तुझं मात्र फिटलं हं. आता रंगीत कपडे घाल. कुणाच्या लग्नाला जायचं असेल तर जा."

ती हे टोमणा म्हणून म्हणाली नाही. रीत होती ती, आईनं लेकीला सांगायची. म्हणून ते जास्त लागलं.

पातेली गाडीत ठेवेपर्यंत तळ्याकाठी आरडाओरडा सुरू झाला होता. सगळ्यांचा एकत्र फोटो. पोरं तीन रांगांत उभी, पुढं बसलेली, मधोमध एका माणसाची जागा मोकळी. "ताई!" खांग हात हलवत होता. "ताई, लवकर! अध्यक्षांशिवाय कसा काढणार?"

"जा," मा म्हणाली. "बोलावतात."

सुओंगनं हात वर केला. येते असाही तो दिसला असेल, नाही असाही. मग तिनं गाडीचं पुढचं दार उघडलं. सीटवर बाबांचा फोटो टेकवून ठेवलेला होता, उशी लावून, पट्टा आडवा बांधून.

"तिथं नको," मा पलीकडून बसत म्हणाली. "तिथं तो आहे."

सुओंगनं दार हळू लावलं. मागचं उघडलं. मागं पातेली, उरलेला भात, देवळातली परात. तिनं परात मांडीवर घेतली आणि लहानपणी बसायची तशी, ड्रायव्हरच्या मागं, खिडकीला चिकटून बसली.

"शिबिर शनिवारपर्यंत आहे ना तुमचं?"

"आहे. खांग बघेल."

"मी उद्या परत सोडायला येणार नाही हं. शेडमध्ये माल येणार आहे."

"नको येऊस."

माने किल्लीवर हात ठेवला. आरशात तिचे डोळे दिसत नव्हते, गळ्याखालचा भाग दिसत होता, निळा अंगरखा आणि त्यावरचा तो काळा बोटभर तुकडा. बाहेर खांगनं तोंडाशी हात धरून आणखी एकदा हाक मारली. सुओंगचं बोट नकळत स्वतःच्या सदऱ्यावर गेलं. टाचणीची दोन बारीक भोकं होती तिथं, धुतली की बुजतील अशी.

"पट्टा लाव," मा म्हणाली आणि गाडी सुरू केली.